बेकेटची समग्र नाटकं वाचताना

आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेटचं सगळं नाट्यलेखन सलग वाचायचं ठरवलं तेव्हा हाताशी होता लंडनच्या 'फेबर' प्रकाशनाने १९८६ साली काढलेला समग्र खंड. रंगमंच, रेडिओ आणि टीव्ही यांसाठी लिहिलेलं सगळं आणि एक चित्रपटसंहिता, अशा तीसहून अधिक संहिता एका पुस्तकात. सुरुवातीलाच 'वेटिंग फॉर गोदो', 'एंडगेम' आणि 'हॅपी डेज' ही तीन मोठी नाटकं येतात. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी ती वाचून पुस्तक मिटलं. मला मात्र हा खंड तिथून पुढेच खरा उघडत गेला असं वाटतं, आणि बेकेट आवडणाऱ्या प्रत्येकाने तिथवर पोचावं असंही.

'गोदो' भराभर वाचून झालं. गोदोची वाट बघणाऱ्या दोघांची बडबड वाचकाला ओढत नेते. 'एंडगेम'मध्ये अडखळायला झालं. दर एक-दोन वाक्यांनंतर कंसात 'विराम' आहे आणि वाचणारा डोळा त्यावरून सहज उडी मारतो. मग मी ठरवलं, विराम आला की खरोखर थांबायचं, एक श्वास घ्यायचा आणि मगच पुढची ओळ. त्याने क्लोव्हची, म्हणजे त्यातल्या नोकराची, उत्तरं बदलली. आधी ती नुसती तुटक वाटत होती. आता उत्तर द्यावं की नको याचा विचार करणारा माणूस दिसायला लागला.

'हॅपी डेज'मध्ये तर रंगसूचना संवादाइतक्याच वाचाव्या लागतात. पहिल्या अंकात विनी कमरेपर्यंत मातीत गाडलेली आहे, पण हात मोकळे आहेत. पिशवीतून ब्रश काढते, चश्मा पुसते, छत्री उघडते आणि प्रत्येक हालचाल तिचं वाक्य मधेच तोडते. दुसऱ्या अंकात माती गळ्यापर्यंत आलेली. आता सूचना उरतात त्या मुख्यतः डोळ्यांच्या: डावीकडे, उजवीकडे, समोर. तिच्या हातून काय काय गेलं ते छापील पानावरही कळतं. प्रयोगात हे दिसतंच, पण दोन्ही अंकांची पानं शेजारी ठेवून बघता येतात ती फक्त पुस्तकात.

पुढचं बरंचसं आम्ही काही जणांनी एकत्र बसून मोठ्याने वाचलं. 'ऑल दॅट फॉल' १९५७ साली बीबीसीवर झालेलं रेडिओनाटक. ते मनातल्या मनात वाचलं तर अर्धं हातून जातं. 'प्ले'मध्ये तीन मोठ्या रांजणांतून फक्त तीन डोकी बाहेर दिसतात, आणि प्रकाशझोत ज्याच्यावर पडेल त्याने बोलायचं. शेवटी सूचना येते की नाटक पुन्हा पहिल्यापासून करा. वाचणारे बहुतेक जण इथे पान उलटतात. आम्ही सूचना पाळली. पहिल्या वेळी नवरा, बायको आणि प्रेयसी यांच्या भांडणाला हसू आलं होतं. दुसऱ्या वेळी तेच शब्द ऐकताना कोणी हसलं नाही, कारण हे कधीच थांबणार नाही हे तोवर कळून चुकलं होतं.

सगळ्यात जास्त रमलो ते 'फुटफॉल्स'मध्ये. १९७६ सालचं हे नाटक जेमतेम पाच पानांचं. मे नावाची बाई प्रकाशाच्या अरुंद पट्टीवर येरझाऱ्या घालते आणि अंधारातून तिच्या आईचा आवाज येतो. पट्टी नऊ पावलं लांब, एक मीटर रुंद, आणि कुठलं पाऊल कधी पडतं याची आकृतीसुद्धा छापलेली आहे. आधी सुटं निघालं होतं त्या पुस्तकात पावलं सात होती. तालमींत बेकेटने ती नऊ केली आणि समग्र खंडात नऊच आहेत. आमच्यातल्या एकीने ती खोलीत चालून दाखवली. नऊ पावलं, वळण, पुन्हा नऊ. तोवर ज्यांना यात काही घडतच नाही असं वाटत होतं, तेही पावलं मोजायला लागले.

याच नाटकात मे आईला एकामागून एक विचारत जाते: पुन्हा इंजेक्शन देऊ का, कूस बदलू का, उशा नीट करू का, ओठ ओले करू का. आईचं आजारपण काढलेली एक वाचक त्यावर म्हणाली, "हे कोणीतरी जवळून बघून लिहिलंय. 'पुन्हा' हा शब्द बाहेरच्या माणसाला सुचत नाही." बेकेट कोरडा, बुद्धीने लिहिणारा असं मानणाऱ्यांना मी आता हेच पान काढून देतो.

सगळ्यांना सगळं भावलं असं मुळीच नाही. 'ब्रेथ' हे एका पानात मावणारं, पात्रंच नसलेलं नाटक. त्यावर एकाने स्पष्टच सांगितलं की याला नाटक म्हणणं मला मान्य नाही. टीव्हीसाठी लिहिलेलं 'क्वाड' मलाही कागदावर लागलं नाही. ती नुसती हालचालींची मांडणी आहे, ती पडद्यावरच बघावी.

शिवाय 'समग्र' या शब्दालाही मर्यादा आहेत. १९४७ साली लिहिलेलं 'एल्युथेरिया' हे नाटक या खंडात नाही. ते लेखकाच्या मृत्यूनंतर, १९९५ साली छापलं गेलं. पाठ, म्हणजे छापलेली संहिता, हाही आवृत्तीनुसार बदलतो. 'गोदो'ची १९५६ची ब्रिटिश आवृत्ती तिथल्या सरकारी नाट्य-सेन्सॉरने कात्री लावलेल्या पाठावरून छापली होती, आणि न कापलेला पाठ तिथे १९६५ साली आला. म्हणून जुनी प्रत हाती आली तर साल आधी बघावं.

सध्या आमचा वाद वेगळाच चालू आहे. बेकेटने १९७५ साली बर्लिनला 'गोदो' स्वतः बसवलं आणि तेव्हा संहितेत बरेच बदल केले. ते त्याच्या दिग्दर्शनाच्या वह्यांसह पुढे स्वतंत्र खंडात छापले गेले. काहींच्या मते तोच अखेरचा पाठ धरावा. मला ते पटत नाही. ते बदल त्या प्रयोगाचे, त्या नटांचे. वाचकाने आधी जुना पाठ वाचावा आणि मग वह्या उघडाव्यात, म्हणजे लेखकाने काय काढून टाकलं ते दिसतं. पुढच्या बैठकीत दोन्ही पाठांचा पहिला अंक आम्ही लागोपाठ वाचणार आहोत.