बंद दारासाठी रकाना नव्हता

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शाळेत मी व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. शाळेत संवेदन कक्ष, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातली सेन्सरी रूम, प्रकाश, आवाज, स्पर्श आणि हालचाल मुलाला सोसेल तेवढीच देणारी खोली, करायचे ठरले तेव्हा आखणीचे काम माझ्याकडे आले आणि पुढचे काही महिने त्या एका खोलीने मला झपाटून टाकले. खोली वापरात आली त्या पहिल्या दिवशी जे घडले त्याला नोंदवहीत जेमतेम दीड ओळ मिळाली आहे, पण माझ्या डोक्यातून ते अजून गेलेले नाही.

या खोलीची मूळ कल्पना 1970 च्या दशकात नेदरलँड्समध्ये तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या निवासी संस्थेत आकाराला आली. तिला मिळालेले ‘स्नूझेलेन’ हे नाव हुंगणे आणि पेंगणे या अर्थाच्या दोन डच शब्दांच्या जोडणीतून आले आहे. तिथे कोणाकडून काही करवून घ्यायचे नव्हते, हे त्या नावातच आले. पुढे या कल्पनेचा विकाऊ उपकरणांचा कॅटलॉग झाला. आमच्या विश्वस्तांनीही पहिल्या बैठकीत तो कॅटलॉगच पुढे केला आणि ‘यातले काय काय बसेल?’ असे विचारले. खोली कोणासाठी आहे, हा प्रश्न त्या बैठकीत मलाच काढावा लागला.

एका मुलीला कॉरिडॉरमधली खुर्ची सरकल्याचा आवाजही सहन होत नसे. एका मुलाला सतत उड्या मारल्याशिवाय आणि कशाखाली तरी दाबून घेतल्याशिवाय स्वस्थता मिळत नसे. एकीला अपस्मार होता. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुलाचे डोळे ठीक होते, पण मेंदूतील इजेमुळे त्याला दिसलेल्याचा अर्थ लावणे कठीण जाई, म्हणून त्याला काळ्या पार्श्वभूमीवर एका वेळी एकच उजळ वस्तू लागत असे. उड्या मारणाऱ्यासाठी सगळीकडे गाद्या घातल्या असत्या तर व्हीलचेअर वळवायला लागणारे दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ उरले नसते. एकाला जो झोका शांत करतो तोच दुसऱ्याला घाबरवतो. म्हणून मी खोलीची सुरुवातीची अवस्थाच सगळे काही बंद अशी ठरवली. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र बटण दिले आणि ते मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर बसवले. झोक्याचा हूक फॉल्स सीलिंगला न लावता थेट स्लॅबमध्ये घ्यायला लावला, कारण झोका घेताना हूकवर येणारा ताण मुलाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो.

दिव्यांवरून वायरमनशी वाद झाला. डिमरने प्रकाश मंद केला की एलईडी पट्ट्या लुकलुकत होत्या, मात्र नुसत्या डोळ्यांना ते कळत नव्हते. मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसत. त्याचे म्हणणे, ‘मॅडम, दिसतच नाही तर त्रास कोणाला होणार?’ फिट येण्याचा धोका साधारणतः सेकंदाला 3 ते 30 वेळा होणाऱ्या लुकलुकीत सर्वाधिक असतो आणि ही लुकलुक त्याहून पुष्कळ जलद होती, तेव्हा अपस्माराच्या बाबतीत त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. परंतु अशा प्रकाशात डोके दुखणारी माणसे असतात आणि आमच्या मुलांपैकी अनेकांना डोके दुखते हे सांगताही येत नाही. पट्ट्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर मी बदलून घेतले.

माझा सर्वाधिक अभिमान मात्र दारावर होता. भिंतीला फोम चिकटवला की आवाज थांबतो, हा समज किती पक्का आहे याची कल्पना या कामात पडल्याशिवाय येत नाही. फोममुळे खोलीतला घुमारा कमी होतो. बाहेरचा आवाज अडवायचा तर वजनदार अडथळा लागतो आणि फटी बुजवाव्या लागतात. म्हणून मी भरीव लाकडाचे जड दार, चौकटीला चहूबाजूंनी रबराची पट्टी, दार मिटताच खाली उतरून उंबऱ्याशी टेकणारी आणखी एक पट्टी आणि दार आपोआप मिटवणारा क्लोजर असे सगळे हट्टाने करवून घेतले.

पहिल्या दिवशी आवाज न सोसणारी मुलगी आधी आली. दार मिटले आणि थोड्या वेळाने तिने कानांवरचे हात स्वतःहून खाली घेतले. त्या क्षणी मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

तिच्यानंतर नऊ वर्षांचा एक मुलगा आला. तो बोलत नाही. आत येताच त्याने फायबर ऑप्टिकच्या दिव्याचे बटण शोधून दाबले, झगमगणारे धागे हातात घेतले आणि तेवढ्यात मागे दार मिटले. धागे टाकून तो धावला, दार उघडून बाहेर गेला आणि पुन्हा आत आला. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी त्याने एका पायातला बूट काढला, दाराच्या फटीत अडकवला, दार दिसेल असा भिंतीला टेकून बसला आणि धागे मांडीवर घेतले. कॉरिडॉरचा सगळा गोंगाट आत येत होता. मी उठले आणि तो बूट काढला.

त्यानंतरची त्याची किंकाळी मी लिहून सांगू शकणार नाही. बूट मी लगेच परत ठेवला. पुढची वीस मिनिटे तो तिथेच बसून होता, पण त्याने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

संध्याकाळी त्याच्या आईला हे सांगितले तेव्हा त्या काही वेळ गप्प राहिल्या. आधीच्या शाळेत तो ओरडू लागला की त्याला एका खोलीत ठेवून बाहेरून कडी लावत असत, असे त्या म्हणाल्या. हे आधी का सांगितले नाही, असे माझ्या तोंडावर आले होते, पण मी विचारले होते कुठे? माझ्या प्रश्नावलीत आवाज, प्रकाश, स्पर्श, वास, तोल आणि हालचाल यांना प्रत्येकी अर्धे पान होते. खोलीत असण्याविषयी, बंद दाराविषयी एकही रकाना नव्हता.

आता दारात मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर काच आहे, तिला आतून पडदा आहे, क्लोजरला दार उघडे धरून ठेवणारा खटका आहे आणि बाहेरची कडी मी काढून टाकली आहे. त्या मुलीची आणि या मुलाची वेळ एकमेकींना लागून येणार नाही असे वेळापत्रक केले आहे. इथवरचे काम स्क्रू आणि कागद यांनी भागले.

पुढच्याच आठवड्यात एक शिक्षिका दुसऱ्याच एका मुलाला दंडाला धरून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, वर्गात फार ओरडतोय, शांत होईपर्यंत याला तुमच्या खोलीत ठेवते.’ त्या वाईट नाहीत. वर्गात त्या एकट्या असतात आणि थकून जातात. तरीही मी दारातून बाजूला झाले नाही, आणि त्यांना माझा राग आला. त्या दिवसापासून नोंदवहीत ‘येण्याची इच्छा कोणाची’ असा नवा रकाना आहे. त्यात अजूनही बहुतेक वेळा शिक्षकांचेच नाव लिहिले जाते.