तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअपला बावीस इंची चाकं लावावीत का?

पिकअपला मोठी रिम आणि लो-प्रोफाइल, म्हणजे बाजूची भिंत बुटकी असलेले टायर लावावेत का, असं मला लोक सतत विचारतात. विचारणाऱ्याच्या फोनवर बहुतेक वेळा एक फोटो तयार असतो: काळी चकचकीत बावीस इंची चाकं, कमानीत गच्च बसलेली आणि रबर नावापुरतं. गाडी देखणी दिसते, यात वाद नाही. मलाही ती आवडते. पण उत्तर देण्याआधी मी एकच विचारतो: हौद्यात काय भरता?

सगळा निकाल त्यावर लागतो. मोटारीत चार-पाच माणसं आणि बॅगा, यापलीकडे वजन फारसं जात नाही. पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल मात्र रिकामा असताना हलका असतो आणि भरल्यावर त्याच्यावर टनभर माल येतो, कारण हौद्यातला भार जवळजवळ सगळा मागच्या दोन चाकांवरच उतरतो.

टायर वजन उचलतो असं आपण म्हणतो, पण खरं वजन पेलते ती आतली हवा. रबर, दोरे आणि तारा तिला फक्त धरून ठेवतात. आत हवा किती आहे आणि किती दाबानं भरली आहे, यावरच टायर किती किलो घेणार हे ठरतं. रिम मोठी करायची, पण चाकाचा बाहेरचा व्यास तोच ठेवायचा म्हटलं की जागा जाते ती हवेची.

मध्यम आकाराच्या पिकअपवर सर्रास येणारा एक साइज घ्या: २६५/६५ आर १७. यात २६५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, त्या रुंदीच्या ६५ टक्के ही बाजूच्या भिंतीची उंची आणि १७ हा रिमचा इंचातला व्यास. हिशेब केला की भिंत १७२ मिमी आणि पूर्ण चाक ७७६ मिमी भरतं. बावीस इंची रिमवर जवळपास तेवढंच चाक हवं असेल तर २६५/४० आर २२ घ्यावा लागतो. त्याचं चाक ७७१ मिमी, पण भिंत फक्त १०६. हवेची जागा ढोबळमानानं एक तृतीयांश घटली.

ही घट टायरवरच लिहिलेली असते, फक्त वाचायला हवी. साइजच्या पुढे दोन-तीन आकडी भारांक असतो. हा सांकेतिक आकडा आहे, तो किती किलो हे ठरलेल्या तक्त्यात बघायचं. पहिल्या टायरवर सहसा ११२ असतो, म्हणजे ११२० किलो. दुसऱ्यावर १०६, म्हणजे ९५० किलो. मागच्या दोन टायरांचा मिळून ३४० किलोंचा फरक. आणि हे ९५० किलोही कधी? टायर ‘एक्सएल’ जातीचा, म्हणजे जास्त दाबानं जास्त भार घेणारा असेल आणि त्यात २९० किलोपास्कल, म्हणजे ४२ पीएसआय हवा असेल तेव्हा. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघून कुणी ३६ भरली, तर तोच टायर साडेआठशे किलोंच्या आत येतो. स्टिकरवरचा आकडा कंपनीनं दिलेल्या टायरसाठी आहे, तुम्ही बदललेल्या टायरसाठी नाही. इतकी साधी गोष्ट, पण मोठ्या रिमच्या गाड्यांवर मला हीच चूक सर्वांत जास्त दिसते.

अमेरिकेतल्या वाहन सुरक्षा नियमांत याच्याही पुढची एक अट आहे. मोटारींसाठी बनवलेला टायर पिकअपवर चढवला, तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरायची. म्हणजे ९५० चे ८६४ उरतात. तुमच्या देशात असा नियम असो वा नसो, हिशेब याच पद्धतीनं करा असं मी सांगेन. मागच्या अ‍ॅक्सलचा कमाल भार गाडीच्या पाटीवर लिहिलेला असतो. दोन टायरांची मिळून क्षमता त्याच्या खाली जात असेल, तर तो टायर त्या गाडीचा नाही. मग तो कितीही नामांकित कंपनीचा असू दे.

क्षमतेपेक्षा जास्त भार आला तर टायर लगेच फुटत नाही, आणि फसगत तिथेच होते. भिंत प्रत्येक फेऱ्यात गरजेपेक्षा जास्त दबते, उठते, पुन्हा दबते. त्यातून उष्णता तयार होते, रबर आणि आतले पट्टे यांची पकड सैल होत जाते आणि एखाद्या लांबच्या, वेगाच्या प्रवासात टायर उलगडतो. त्या दिवशी हौद्यात कदाचित काहीच नसतं.

इथे काही जण हमखास म्हणतात, “ट्रकलाही साडेबावीस इंची रिम असते की! मग आमच्या बावीसनं काय बिघडलं?” प्रश्न चांगला आहे. ट्रकचा २९५/८० आर २२.५ हा टायर बघा. रिम साडेबावीस इंची, पण भिंत २३६ मिमी आणि चाकाची उंची एक मीटरहून जास्त. त्यात हवा भरतात १२० पीएसआयच्या आसपास. असा एक टायर साडेतीन हजार किलो पेलतो. तिथे रिम मोठी केली ती हवा कमी करून नव्हे, सगळं चाकच मोठं करून.

आता रिकाम्या गाडीचं बोलू, कारण पिकअप घेणारे बरेच जण ती रिकामीच चालवतात. पिकअपचे मागचे पाटे भार घेण्यासाठी ताठ केलेले असतात. गाडी रिकामी असताना ते जवळजवळ हलतच नाहीत, आणि रस्त्याचे बारीक हादरे गिळायचं काम टायरच्या उंच भिंतीवर येतं. ती भिंत १०६ मिमीवर आणून वर हवा ४२ केली की मागचा भाग खडबडीत रस्त्यावर उड्या मारू लागतो. कंबर दुखते, हे लोक सांगतातच. पण मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची: उडालेलं चाक त्या क्षणी रस्त्याला धरून नसतं. वळणावर किंवा ब्रेक लावताना हे झालं तर मागचा भाग बाजूला सरकतो आणि ब्रेक दाबल्याबरोबर एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, थरथरायला लागते.

खड्ड्याचं गणितही इथलंच. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं की टायर दबतो. भिंत उंच असेल तर दबायला जागा असते. नसेल तर रबर रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात चेचलं जातं आणि भिंतीतले दोरे तुटतात. बाहेरून टायर ठीक दिसतो, मग दोन-चार दिवसांनी भिंतीवर फुगा दिसू लागतो. भिंतीला फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकायचा. फुगा आला नाही तर रिमची आतली कड वाकते, हवा हळूहळू उतरत राहते आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. रेतीत किंवा चिखलात जाणाऱ्यांसाठी तर विषयच संपतो. तिथे हवा वीसच्या खाली उतरवून टायर पसरू द्यायचा असतो, आणि एवढ्याशा भिंतीला पसरायला वावच नसतो.

वजनाबद्दल थोडं. अलॉय म्हणजे हलकं, हा समज अर्धाच खरा आहे. बावीस इंची अलॉय रिम सतरा इंचीपेक्षा सहसा जडच असते, शिवाय तिचं वजन मध्यापासून लांब गेलेलं असतं. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व त्रिज्येच्या वर्गानं वाढतं. रिमच्या कडेचं तेच वजन साडेआठ इंचांवरून अकरा इंचांवर गेलं, की ते फिरवायला आणि थांबवायला दीडपटीहून जास्त जोर लागतो. इंजिन तेच, ब्रेक तेच. वेग घेताना गाडी सुस्त झाल्यासारखी वाटते ती यामुळे, आणि पुन्हा पुन्हा थांबावं लागलं की ब्रेक लवकर तापतात तेही यामुळे.

रुंदी आणि ऑफसेट या बाबतीत मात्र दुकानात कुणी काही विचारत नाही. ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा आणि ती हबवर, म्हणजे चाक जिथे नटांनी आवळतात त्या भागावर, टेकते तो पृष्ठभाग यांच्यातलं अंतर. समजा मूळ रिम साडेसात इंच रुंद आणि ऑफसेट +३० मिमी आहे. तिच्या जागी नऊ इंच रुंद, शून्य ऑफसेटची रिम आली, तर बाहेरची कड ४९ मिमी बाहेर येते. जवळजवळ पाच सेंटिमीटर! गाडी पाय फाकवून उभी राहिल्यासारखी दिसते आणि अनेकांना नेमकं तेच हवं असतं. पण चाक बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवर तरफेसारखा ताण येतो, चाक वळवणारे-धरणारे सांधे, म्हणजे टाय रॉड आणि बॉल जॉइंट, लवकर सैल होतात आणि एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हातातून हिसकलं जातं. उडालेला चिखल दारांवर येतो, तो वेगळा. ऑफसेट मूळच्या जवळ ठेवा. दिसण्यातला फरक वाटतो तितका मोठा नसतो, गाडीच्या वागण्यातला मात्र मोठा असतो.

नट जुळले म्हणजे रिम बसली, हाही एक गैरसमज. बऱ्याच पिकअपना सहा नट १३९.७ मिमीच्या वर्तुळावर असतात. त्यामुळे एका कंपनीच्या गाडीची रिम दुसरीच्या गाडीवर चढते. पण मधलं भोक वेगळं असतं: टोयोटा हायलक्सचं १०६ मिमीच्या आसपास, फोर्ड रेंजरचं ९३.१. मोठ्या भोकाची रिम लहान हबवर बसवली तर तिला मध्यावर धरायला फक्त नटांचा निमुळता भाग उरतो. तिथे मापाची रिंग घातली नाही, तर कितीही बॅलन्सिंग करा, ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतच राहतं. आणि नट रिमच्या बैठकीला जुळणारेच हवेत. काही रिमना निमुळते लागतात, काहींना गोल बुडाचे.

एवढं वाचून वाटेल की मी विरोधात आहे. तसं नाही. कमी उंचीची भिंत आडवी कमी वाकते, त्यामुळे गाडी स्टिअरिंगला लगेच उत्तर देते. उंच पिकअपचं वळणावर डोलणं थोडं आटोक्यात येतं. मोठ्या रिममध्ये मोठी ब्रेक डिस्क बसते. काही कंपन्यांनी स्वतः हे केलंय आणि नीट केलंय. २००४ ते २००६ या काळातल्या डॉज रॅम एसआरटी-१० ला कारखान्यातूनच बावीस इंची चाकं आणि ३०५/४० आर २२ टायर होते. पण तिथे नुसती चाकं बदलली नव्हती. गाडी खाली बसवली होती, ब्रेक मोठे होते, सस्पेन्शन वेगळं होतं, आणि ती ओझी वाहायला नव्हे, पळायला बनवली होती. हौदा कायम रिकामा ठेवणार असाल, रस्ते चांगले असतील आणि सस्पेन्शन-ब्रेककडेही लक्ष देणार असाल, तर बावीस इंची लावा. मी मदत करीन, आनंदानं.

बाकी सगळ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: अठरा इंची बिनधास्त, वीस इंची पाहून-सवरून. २६५/६० आर १८ चा व्यास ७७५ मिमी येतो आणि भिंत १५९ राहते. भार, आराम, खड्डे, कशातच फारसं काही जात नाही. वीस इंचीत २६५/५० आर २० घेतला तर भिंत १३२ मिमी. त्यात १०७ भारांकाचाही टायर मिळतो आणि १११ चा एक्सएलही. एक ९७५ किलोंचा, दुसरा १०९० किलोंचा. शोरूममध्ये शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच दिसतात. दुसराच मागून घ्या. रिमच्या पाठीमागेही कमाल भार कोरलेला असतो, तोही बघा. जपानी मानकाची ‘जेडब्ल्यूएल-टी’ खूण मालवाहू गाड्यांच्या रिमसाठी असते, नुसतं ‘जेडब्ल्यूएल’ हे मोटारींसाठी. काहीच कोरलेलं नसेल तर ती रिम घेऊ नका.

बाहेरचा व्यास मूळच्या दीड-दोन टक्क्यांच्या आतच ठेवा. चाक पाच टक्क्यांनी मोठं झालं तर स्पीडोमीटर शंभर दाखवताना गाडी एकशेपाचच्या आसपास धावत असते. स्टेपनीही त्याच व्यासाची हवी. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत एक चाक लहान-मोठं ठेवून पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील लावलं, तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर, म्हणजे ट्रान्सफर केसवर, ताण जातो. तो दुरुस्तीचा खर्च चारही चाकांपेक्षा मोठा असू शकतो.

बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, मग हौद्यात वजन टाकून पुन्हा बघा, कारण रिकाम्या गाडीत न घासणारा टायर भरल्यावर कमानीला लागतो. अलाइनमेंट करून घ्या. नट टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आवळा आणि शंभरएक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा, कारण नवी अलॉय रिम बसते तशी नट थोडे सैल होतात.

आणि जुनी चाकं विकू नका. घर बदलायचं असेल, विटा-सिमेंट आणायचं असेल, ट्रेलर ओढायचा असेल, तर आदल्या दिवशी तीच चढवा. व्यास सारखा ठेवला असेल तर बाकी काहीच बदलावं लागत नाही. फक्त नट त्या रिमला जुळणारे लावायचे आणि हवेचा दाब पुन्हा दारावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवायचा.