एकाच डोक्यात ऑटिझम आणि एडीएचडी

माझे एडीएचडीचे (लक्ष न टिकणे, अतिचंचलता) निदान नोकरीला लागून बरीच वर्षे लोटल्यावर झाले, आणि ऑटिझमचे (स्वमग्नता) त्याहूनही नंतर. शाळेत गुण चांगले पडत आणि डबा, छत्री, वह्या सतत हरवत, त्यामुळे ‘हुशार आहे, पण धांदरट’ यापलीकडे कोणी गेले नाही. त्या काळात डॉक्टरांकडे नेले असते तरी दोन्ही निदाने एकत्र मिळाली नसती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीनुसार ऑटिझम असलेल्या व्यक्तीला एडीएचडीचे वेगळे निदान देता येत नसे. ही आडकाठी २०१३ मध्ये पाचव्या आवृत्तीत दूर झाली.

या दोन गोष्टी एकीवर एक रचल्यासारख्या नसतात. त्या एकमेकींना झाकतात आणि एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरे, हळद यांच्या वाट्या ठरलेल्या जागी नसतील तर मला फोडणी करवत नाही. मात्र वाटी उचलून ओट्यावर घेतली की ती परत डब्यात ठेवायची आठवण राहत नाही, आणि संध्याकाळी तीच वाटी फ्रीजवर सापडते. ज्या व्यवस्थेवाचून माझा जीव कासावीस होतो, ती माझ्याच हातून रोज मोडते. आजचा दिवस कालच्यासारखाच असावा असे मला मनापासून वाटते, आणि तो तसाच जाऊ लागला की दुपारपर्यंत कंटाळ्याने अंग जड होते.

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध सुरू झाले तेव्हा ही गुंतागुंत मला पहिल्यांदा नीट कळली. लक्ष टिकू लागले, हाती घेतलेले काम तडीस जाऊ लागले, पण त्याच सुमारास पंख्याची घरघर, कुर्त्याच्या शिवणीचे टोचणे आणि ठरलेली बैठक ऐनवेळी पुढे ढकलल्यावर होणारी घालमेल असह्य वाटू लागली. हे सारे लहानपणापासून होतेच. एवढेच की आतल्या धावपळीत ते दबून गेले होते. याच तक्रारी ऐकून मनोविकारतज्ज्ञांनी ऑटिझमची तपासणी सुचवली. मोठेपणी यांपैकी एक निदान होते तेव्हा दुसऱ्याची विचारपूस त्याच वेळी व्हावी, असे मला फार तळमळीने वाटते.

सल्लेही परस्परविरोधी मिळतात. एडीएचडीसाठी सांगतात, कामात वैविध्य ठेवा. ऑटिझमसाठी सांगतात, वेळापत्रक मोडू नका. मला जमले ते असे, की वेळ पक्की ठेवायची आणि त्या वेळेतले काम मोकळे सोडायचे. संध्याकाळी फिरायला निघण्याची वेळ बदलत नाही, रस्ता मात्र दाराबाहेर पडल्यावर ठरतो.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही; त्यामुळे प्रमाणपत्र काढले तरी त्यात माझी अर्धीच अडचण नोंदली जाईल. म्हणून कार्यालयात मी प्रमाणपत्राचा विषय न काढता दोन गोष्टी मागितल्या : बैठकीचे विषय आदल्या दिवशी लेखी मिळावेत आणि बसण्याची जागा कायम एकच असावी. पहिली मागणी लगेच मान्य झाली आणि तिचा उपयोग इतर सहकाऱ्यांनाही होतो आहे. जागेबाबत बोलणी अजून सुरू आहेत.