पाऱ्याच्या डोंगरावर

शेवटी एकदाचं मागच्या शनिवारी आल्माडेन क्विकसिल्व्हर पार्कला जाऊन आलो. सॅन होजेत येऊन नऊ वर्षं झाली, घरापासून गाडीने वीस मिनिटं, आणि दर वेळी "ते काय जवळच आहे, जाऊ कधीतरी". पुण्याच्या लोकांचं पर्वतीबद्दल होतं ना, तसंच.

क्विकसिल्व्हर म्हणजे पारा. आमच्या सांगलीच्या घरी दादाने एकदा थर्मामीटर फोडला होता, शहाबादी फरशीवर चंदेरी मणी पळत सुटले, आम्ही ते पोस्टकार्डाने गोळा करून काडेपेटीत भरले आणि आठवडाभर खेळत बसलो. आता आठवलं की अंगावर काटा येतो. तर हा अख्खा डोंगर त्या काडेपेटीतल्या वस्तूसाठी पोखरलेला आहे.

हॅसिएंडा गेटपासून माइन हिल ट्रेलने वर, इंग्लिश कॅम्प, सॅन क्रिस्टोबल बोगदा आणि डीप गल्चने खाली असा लूप केला. सहा-सात मैल, चढ हजार फुटांच्या वर. वाट म्हणजे खाणीचे जुने गाडीरस्तेच, त्यामुळे रुंद आणि एकसारखा चढ, आपल्या किल्ल्यांसारखं हातापायांवर कुठेच जावं लागत नाही, पण सावली कमी आणि पहिला मैल दमवतो. नवरा वेंगुर्ल्याचा, त्याला चढाचा मुळातच राग, "समुद्र सपाट असतो" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मार्चमध्ये गेलात तर टेकड्या हिरव्यागार आणि मधेमधे पिवळी-नारिंगी पॉपीची फुलं, ऑगस्टमध्ये मात्र नुसतं वाळलेलं गवत आणि धूळ.

इथला लाल दगड म्हणजे सिनाबार, आपला हिंगूळ हो! इथले मूळ रहिवासी, ओलोनी लोक, तो अंग रंगवायला वापरायचे. 1845 साली, हा भाग मेक्सिकोत होता तेव्हा, आंद्रेस कास्तिएरो नावाच्या लष्करी कॅप्टनला त्यात पारा असल्याचं कळलं. त्याने दगडाची पूड निखाऱ्यावर टाकून वर ग्लास उपडा धरला आणि आत पाऱ्याचे थेंब जमले अशी गोष्ट सांगतात. स्पेनमधल्या पाऱ्याच्या प्रसिद्ध खाणीवरून नाव ठेवलं न्यू आल्माडेन. आणि 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं! काय टायमिंग! पारा सोन्याचे बारीक कण धरून ठेवतो, मग तापवला की पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं, त्यामुळे सोन्यामागे धावणाऱ्या सगळ्यांना हा डोंगर हवाच होता. खाण कुणाची यावर इतकी वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या की 1863 मध्ये खुद्द लिंकनने ती ताब्यात घ्यायचा हुकूम काढला. आमच्या गावचा पेपर, मर्क्युरी न्यूज, त्याचं नाव पण इथूनच आलं. नऊ वर्षं ते नाव वाचतेय, मला वाटायचं बुध ग्रह असेल.

इंग्लिश कॅम्पमध्ये कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार राहायचे, आता मोजकी लाकडी घरं उरलीत आणि तीही कुंपणाआड. मेक्सिकन कामगारांची वस्ती वेगळी, स्पॅनिशटाउन, तिथे तर बघायला जवळपास काहीच नाही. मला हेच जास्त लागलं, कारण सुरुवातीच्या काळात सगळा माल ह्याच लोकांनी वर आणला. चामड्याची पिशवी पाठीवर, तिचा पट्टा कपाळावर, आत दोनशे पौंडांपर्यंत दगड, आणि चढायला शिडी म्हणजे खाचा पाडलेला ओंडका. माझ्या सॅकमध्ये दोन लिटर पाणी आणि थालीपीठं होती आणि मी तासाभरात दोनदा "धर रे जरा" म्हटलं होतं.

सॅन क्रिस्टोबलच्या बोगद्यात थोडंसंच आत जाता येतं, पुढे लोखंडी जाळी. बाहेर ऊन कडकडीत आणि जाळीतून मात्र फ्रीज उघडल्यासारखी गार हवा अंगावर येते. मोबाईलचा टॉर्च मारला, उजेड कुठे पोचतच नाही. नवऱ्याने आत "ओ" केलं, कुणी उत्तर दिलं नाही, मग उगाच दोघंही गप्प झालो.

वरून समोर माउंट उमुनहम दिसतो, डोक्यावर तो काँक्रीटचा चौकोनी ठोकळा, तो एअर फोर्सचा जुना रडार टॉवर. फोटो काढले, थालीपीठ संपवलं, निघालो. उतरताना डीप गल्चमध्ये मस्त सावली आहे पण पॉयझन ओक (अंगाला लागला की खाज आणि पुरळ आणणारं झुडूप) पण तितकाच, फुल पँट घाला. नवीन शूज घालू नका, मी घातले होते, दोन्ही टाचांना फोड.

खाली आल्यावर आल्माडेनच्या तलावाकडे गाडी वळवली. मासे दिसल्यावर आमच्या वेंगुर्लेकरांचा चेहरा उजळला, दिवसभरात पहिल्यांदाच. तिथेच बोर्ड, मासे खाऊ नका, पारा आहे. भट्टीत भाजलेल्या दगडांचा कचरा वर्षानुवर्षं ओढ्याकाठी टाकला, तो पाण्यासोबत वाहत आला आणि तळाच्या गाळातले जीवाणू त्या पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते माशांत साठत जातं. खाणी कधीच्या बंद झाल्या, पण हे चालूच आहे. शेजारी एकजण शांतपणे गळ टाकून बसला होता, मिळालेला मासा परत पाण्यात सोडत होता. नवरा पाच मिनिटं त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि मग मला म्हणाला, "खायचो नाय तर धरतत कित्याक?"