अणुवीज: फ्रान्स ६५-७० टक्के, आपण ३ टक्के, एवढा फरक का?

अणुवीज हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, फ्रान्सला जमतं मग आपल्याला का नाही. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर लोक चुकीच्या ठिकाणी शोधतात असं मला वाटतं. फ्रान्सची साधारण दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते, आणि त्याला खेटून असलेल्या इटलीत अणुवीज बनते शून्य. जगातली पहिली अणुभट्टी १९४२ मध्ये शिकागोत ज्याने चालू केली तो एन्रिको फर्मी इटलीचाच, म्हणजे डोक्याची कमतरता हे काही कारण नाही. देशाच्या जमिनीखाली काय आहे आणि त्याला कुठल्या वर्षी कसला दणका बसला, हे बघितलं की बरंच काही कळतं.

फ्रान्सला दणका बसला १९७३ मध्ये. तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले, वीज बऱ्यापैकी तेलावर चालायची, आणि स्वतःकडे ना तेल, ना पुरेसा कोळसा. मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मर यांनी अणुभट्ट्यांचा प्रचंड कार्यक्रम जाहीर केला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पन्नासच्या वर अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. इटलीला दणका बसला तो सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलच्या अणुअपघाताचा, १९८६ मध्ये. पुढच्याच वर्षी सार्वमत झालं आणि १९९० पर्यंत सगळ्या भट्ट्या बंद. आता इटली बाहेरून भरपूर वीज विकत घेते आणि त्यातली बरीच फ्रान्सकडून येते, त्यामुळे कागदावर शून्य असलं तरी तारेतून अणुवीज येतेच आहे.

ऑस्ट्रियाचं अजून वेगळं. डॅन्यूब नदीकाठी झ्वेंटेनडॉर्फला आख्खा अणुप्रकल्प बांधून तयार होता, फक्त सुरू करायचा बाकी, आणि ५ नोव्हेंबर १९७८ ला लोकांना विचारलं तर ५०.५ टक्के लोक नको म्हणाले. साधारण तीस हजार मतांचा फरक! प्रकल्प एक दिवससुद्धा चालला नाही. पण ऑस्ट्रियाकडे आल्प्सच्या नद्या आहेत, निम्म्याहून जास्त वीज पाण्यावर होते, म्हणून तो नकार त्यांना झेपला.

सगळ्यांना असं झेपत नाही, आणि मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट आर्मेनियाची आहे. डिसेंबर १९८८ च्या भूकंपात तिथे पंचवीस हजारांवर माणसं गेली. मेत्सामोरच्या अणुप्रकल्पाला इजा झाली नव्हती, पण भीतीपोटी १९८९ मध्ये तो बंद केला आणि त्या वेळी ती भीती अगदी साहजिक होती. मग सोव्हिएत संघ फुटला, अझरबैजानशी युद्ध पेटलं, सीमा बंद, गॅस येईना. येरेव्हानसारख्या राजधानीच्या शहरात कडाक्याच्या थंडीत दिवसाला तास-दोन तास लाईट, लोकांनी बागेतली, रस्त्याकडेची झाडं तोडून जाळली, आणि विजेसाठी सेवान सरोवरातून इतकं पाणी सोडलं की आधीच घटलेली पातळी अजून खाली गेली. शेवटी १९९५ मध्ये दोनपैकी एक भट्टी परत चालू केली आणि आजही देशाची तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वीज त्या एकट्या भट्टीतून येते. भूकंपाचा धोका गेलेला नाही, भट्टी जुन्या सोव्हिएत बनावटीची आहे, हे तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे. पण अंधारातले ते हिवाळे त्यांनी काढलेत, त्यामुळे लांबून त्यांना शहाणपण शिकवायला माझी जीभ रेटत नाही.

जर्मनीबद्दल मात्र मी बोलणार. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर २०११ मध्ये १७ पैकी ८ भट्ट्या लगेच बंद, शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ ला, आणि कोळशाची केंद्रं अजून चालूच. पवन आणि सौर ऊर्जेत त्यांनी खरंच मोठं काम केलंय, पण चालत्या भट्ट्या आधी आणि कोळसा नंतर हा क्रम मला पटत नाही, कारण कोळशाच्या धुराने माणसं रोज मरतात, त्याची बातमी होत नाही एवढंच.

टक्केवारी फसवते हेही लक्षात ठेवा. जगात सगळ्यात जास्त भट्ट्या अमेरिकेत, नव्वदच्या वर, तरी वाटा १८-१९ टक्केच. स्लोव्हाकिया पाच भट्ट्यांवर साठीच्या पुढे जातो. चीन धडाधड बांधतोय आणि तरी ५ टक्क्यांच्या आसपासच.

आता आपलं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ चं आहे, म्हणजे मेस्मरच्या घोषणेच्या पाच वर्षं आधीचं! मग गाडी अडली कुठे? त्याच १९७४ साली, मे महिन्यात आपण पोखरणला अणुचाचणी केली आणि बाहेरून मिळणारं तंत्रज्ञान आणि इंधन जवळजवळ बंद झालं, ते थेट २००८ पर्यंत. आपल्या लोकांनी स्वतःच्या बळावर भट्ट्या बांधल्या, पण छोट्या आणि सावकाश. आणि दुसरीकडे चंद्रपूरपासून झारखंडपर्यंत जमिनीखाली कोळसा पडलेला, मग तेच झालं, आजही पाऊण वीज त्याच्यावरच चालते.

२०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज क्षमतेचं लक्ष्य सरकारने ठेवलंय, आज आहे ९ च्या आसपास. मी अणुवीजेच्या बाजूचा आहे, हे वाढायलाच हवं. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला जी फ्रेंच भट्टी बसवायचं ठरलंय त्याच जातीची एक फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली, ती ग्रिडला जोडायला डिसेंबर २०२४ उजाडला. आणि मेस्मरचा कार्यक्रम तर संसदेत नीट चर्चासुद्धा न करता रेटला होता. फ्रान्ससारखं करू म्हणताना हाही भाग बरोबर येऊ नये. जैतापूरजवळच्या साखरी नाट्याचे मच्छीमार गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचं काय होणार हे वर्षानुवर्षं विचारतायत, त्यांना विकासविरोधी म्हणून गप्प बसवण्यापेक्षा आकडे हातात घेऊन त्यांच्यासमोर बसायला हवं, आणि ते बांधकाम सुरू व्हायच्या आधी.