स्रोत ठरला, केबल बदलली: एचडी जोडणीची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत तीन स्रोत एकाच टीव्हीला जोडून ठेवले होते: छतावरची डिश, यूएचएफ अँटेना आणि इंटरनेटवर चालणारा स्ट्रीमिंग बॉक्स. तुलना आता पुरेशी झाली, म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. थेट सामने आणि बातम्या डिशवर, सिनेमे आणि मालिका इंटरनेटवर. अँटेना काढणार नाही, कारण मुसळधार पावसातही तो बहुधा चालू असतो आणि नेट गेलं तरी त्याला फरक पडत नाही.

जोडणीबाबतचं मत मात्र आणखी ठाम झालंय. बॉक्सपासून टीव्हीपर्यंतच्या दीड मीटर एचडीएमआयवर लोक जेवढा जीव टाकतात, त्याच्या निम्मा जरी छतावरून उतरणाऱ्या केबलवर आणि मेनूमधल्या चार सेटिंगांवर टाकला, तरी चित्र कितीतरी सुधारतं. ही नोंद मुख्यतः त्याबद्दल आहे.

चॅनेलच्या नावात एचडी आहे, चित्रात आहे का?

एचडी चॅनेल म्हणजे पूर्ण १९२०×१०८० असं धरून चालू नका. बरेच चॅनेल १०८०आय पद्धतीने येतात, म्हणजे सेकंदाला ५० किंवा ६० अर्धी चित्रं, एकदा विषम ओळी आणि एकदा सम. काही प्रसारक ७२०पी वापरतात: ओळी कमी, पण प्रत्येक वेळी चित्र अख्खं. शिवाय १४४०×१०८० पाठवणारेही आहेत. ते चित्र टीव्हीपाशी आल्यावर आडवं ताणलं जातं. आणि काही महाभाग जुना एसडी (कमी ओळींचा, साध्या दर्जाचा) कार्यक्रम मोठा करून एचडी म्हणून लावतात.

हा शेवटचा प्रकार ओळखायला कोपऱ्यातला चॅनेलचा लोगो बघा. लोगो प्रसारणाच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, एचडीमध्येच चिकटवलेला असतो. लोगोची कड सुरीसारखी धारदार आणि शेजारीच माणसाचे केस मात्र एकमेकांत मिसळलेले, असं दिसलं की समजायचं, मूळ मालच एसडीचा आहे. तिथे कुठलीही केबल काही करू शकत नाही.

मालाचा दुसरा निकष बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट्स येतात ते. स्टुडिओत न आक्रसलेलं चित्र नेणाऱ्या एचडी-एसडीआय जोडणीवर १.४८५ गिगाबिट्स प्रति सेकंद वाहत असतात. आपल्या घरी एच.२६४ या आक्रसण्याच्या पद्धतीत त्याचे आठ-दहा मेगाबिट्स पोचले तरी नशीब म्हणायचं. म्हणजे शंभर पटीहून अधिक आक्रसलेलं चित्र आपण पाहतो. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा असेल तोवर ते खपून जातं. हिरवं मैदान, त्यावर वेगाने फिरणारा कॅमेरा आणि मागे प्रेक्षकांची गर्दी आली की कस लागतो: गवताची पाती नाहीशी होतात आणि मैदानावर हिरवा रंग फासल्यासारखा दिसतो. कॅमेरा थांबला की गवत परत उगवतं!

तुमचा रेकॉर्डर साधी ट्रान्सपोर्ट स्ट्रीम (प्रसारण जसं आलं तसंच साठवलेली) फाईल देत असेल तर बिटरेट काढणं सोपं आहे. एका तासाच्या फाईलचा आकार जीबीमध्ये घ्या आणि ०.४५ ने भागा. आलेला आकडा म्हणजे सरासरी मेगाबिट्स. ३.६ जीबी असेल तर ८. एकाच ट्रान्सपॉन्डरवरचे (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकावरचे) चॅनेल बिट्स आपसांत वाटून घेतात आणि ज्याच्याकडे हालचाल जास्त त्याला त्या क्षणी जास्त मिळतात, म्हणून एका रेकॉर्डिंगवरून चॅनेलला नावं ठेवू नका.

सिनेमांसाठी इंटरनेट निवडण्यामागे कारण वेगळं आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. चांगली स्ट्रीमिंग सेवा ती २४ अख्खी चित्रं तशीच पाठवते. प्रसारणात ती ५० किंवा ६० च्या साच्यात कोंबावी लागतात. अर्थात ज्याच्याकडे ब्लू-रे आहे त्याने या दोघांकडे बघून हसावं. तिथे फक्त चित्रालाच ४० मेगाबिट्सपर्यंत जागा आहे. थेट सामन्यात मात्र स्ट्रीमिंग मागे पडतं. बफरमुळे चित्र काही सेकंद उशिरा येतं आणि शेजारच्या घरातला आरडाओरडा आधी ऐकू येतो. या एका कारणासाठी मी डिश ठेवली असं म्हटलं तरी चालेल.

छतावरचं काम

अॅनालॉगच्या काळात सिग्नल कमजोर झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि आपल्याला चाहूल लागायची. डिजिटलमध्ये तशी पूर्वसूचना नाही. डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रसारणाच्या पद्धतीत ८पीएसके, ३/४ (लहरीत बिट्स कसे भरले आणि त्यांतले किती चूक-दुरुस्तीला राखले ते) असं ट्रान्समिशन असेल तर साधारण ८ डेसिबलच्या सिग्नल-नॉइज गुणोत्तराची (नॉइजपेक्षा सिग्नल किती वर आहे त्याची) गरज असते. त्याच्या थोडं वर असाल तर चित्र निर्दोष. थोडं खाली गेलात की चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि मग काळा पडदा. म्हणून "चित्र तर छान येतंय" हा पुरावा नव्हे. छान आणि काहीच नाही यांच्यामध्ये किती अंतर शिल्लक आहे ते बघायचं. केयू बँडमध्ये, म्हणजे घरगुती डिशच्या फ्रिक्वेन्सीला, जोराचा पाऊस हे अंतर सहज खाऊन टाकतो.

हे अंतर वाढवायचा सरळ मार्ग म्हणजे मोठी डिश: ६० सेंटीमीटरऐवजी ९० घेतली तर सुमारे साडेतीन डेसिबल मिळतात. पण त्याआधी आहे तीच डिश नीट लावा. ६० सेंटीमीटरच्या डिशचा मुख्य झोत जेमतेम ३ अंशांचा असतो, त्यामुळे अर्ध्या अंशाचीही किंमत मोजावी लागते. दिशा आणि उंची जमली तरी एलएनबीचा (डिशसमोरच्या, सिग्नल पकडून वाढवणाऱ्या डबीचा) तिरकेपणा बहुतेक वेळा तसाच राहून जातो. एलएनबीचा स्क्रू सैल करून ती थोडी थोडी फिरवा आणि मीटरवर नजर ठेवा. स्ट्रेंग्थचा आकडा ढिम्म हलत नाही, क्वालिटीचा मात्र सरकतो, कारण आडव्या ध्रुवीकरणात (लहरीच्या कंपनाच्या आडव्या दिशेत) मिसळणारा उभ्याचा सिग्नल कमी-जास्त होत असतो. क्वालिटी शिखरावर गेली की तिथेच घट्ट करायचं. स्ट्रेंग्थच्या पट्टीवर विसंबून डिश लावणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. ती पट्टी नॉइजलाही सिग्नलच समजते.

आता केबल. जुनी आरजी-५९ काढून पूर्ण लांबीची नवी आरजी-६ टाकली, मध्ये एकही जोड न ठेवता. डिशच्या बाबतीत केबलमधली गळती हा खरा प्रश्न नसतो, कारण एलएनबी स्वतःच सिग्नल ५० डेसिबलहून जास्त वाढवून खाली पाठवते. तीस मीटर आरजी-६ मध्ये २१५० मेगाहर्ट्झला दहाएक डेसिबल गेले तरी गुणोत्तर फारसं बिघडत नाही. घात होतो तो पाण्याने, गंजाने आणि वाईट कनेक्टरने.

एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा पेचाचा जोड) बसवताना मी भिंग वापरतो, यात अतिशयोक्ती नाही. बाहेरचं आवरण सोललं की जाळीच्या तारा मागे वळवून घ्यायच्या, एकूण एक. त्यांतली केसाएवढी एक तार जरी मधल्या तांब्याच्या तारेला टेकली तरी शॉर्ट होतो आणि एलएनबीला वीजच पोचत नाही. पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या कडेशी सपाट बसला पाहिजे. मधली तार तोंडाबाहेर दोनेक मिलिमीटर दिसली पाहिजे, आणि तिच्यावर पांढरी पापुद्र्याची साल राहिलेली नको. नखाने खरवडून बघा. पिळून बसवायचे कनेक्टर मी आता वापरत नाही, कॉम्प्रेशनचेच घेतो. छतावरच्या टोकाला रबरी बूट, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, केबलवरून आत येत नाही.

तार अख्ख्या तांब्याची घ्यावी की तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची, हा वाद आपल्याकडे नेहमी रंगतो. सिग्नलच्या दृष्टीने दोन्ही सारख्या, कारण एवढ्या फ्रिक्वेन्सीला प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो. पण एलएनबीची वीजही त्याच तारेतून वर जाते आणि तिला अख्खी तार लागते. १३ व्होल्टला उभं ध्रुवीकरण, १८ ला आडवं. लांब केबलमध्ये १८ चे १५ झाले की एलएनबी गोंधळते आणि आडव्या ध्रुवीकरणावरचे सगळे चॅनेल एकदम गायब होतात. "अर्धेच चॅनेल येत नाहीत" अशी तक्रार असेल तर आधी व्होल्टेज मोजा. लांब पल्ल्याला माझं मत अख्ख्या तांब्याला.

अँटेनाचं गणित उलटं आहे. तिथे वर काहीच वाढवणारं नसतं, त्यामुळे पहिल्या अॅम्प्लिफायरच्या आधी गेलेला प्रत्येक डेसिबल कायमचा गेला. दोन टीव्हींसाठी साधा स्प्लिटर लावला तर प्रत्येक फाट्यावर साडेतीन-चार डेसिबल कमी. टीव्हीमागे बूस्टर लावून हे भरून निघत नाही, सिग्नलबरोबर नॉइजही तेवढाच फुगतो. अॅम्प्लिफायर हवाच असेल तर अँटेनाच्या खांबावर. आणि प्रक्षेपण केंद्र जवळ असेल तर तोही नको. ट्यूनर ओसंडून गेला की दिसणारी लक्षणं हुबेहूब कमजोर सिग्नलचीच असतात.

बॉक्स ते टीव्ही

एचडी बॉक्स, एचडी टीव्ही आणि मध्ये पिवळी पिन, ही जोडणी अजून कितीतरी घरांत दिसते. त्या पिवळ्या कॉम्पोझिटमधून एसडीपलीकडे काही जातच नाही. जुन्या बॉक्सला लाल-हिरवी-निळी कॉम्पोनंट असेल तर ती वापरा, १०८०आय तिच्यातून व्यवस्थित जातं. बाकी सगळीकडे एचडीएमआय.

एचडीएमआय केबलचं एवढंच: १०८०पी, ६० हर्ट्झला ४.४५५ गिगाबिट्स लागतात आणि हाय स्पीड गटातली केबल १०.२ ची असते. फोरके, ६० हर्ट्झ हवं असेल तर १८ गिगाबिट्सची प्रीमियम हाय स्पीड. केबल कमी पडली तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्र क्षणभर जातं. रंग फिके पडत नाहीत आणि कडा मऊ होत नाहीत. सोन्याच्या मुलाम्याने रंग गडद झाले असं सांगणाऱ्याशी मी वाद घालणं सोडलंय.

बिघाड करतात ती सेटिंग्ज. माझी आवडती चाचणी म्हणजे बातम्यांच्या चॅनेलवर खाली सरकणारी पट्टी. पडद्याच्या जवळ जा आणि अक्षरांच्या उभ्या रेघा बघा. कडेला कंगव्यासारखे दाते दिसले तर अर्ध्या चित्रांची जुळणी चुकतेय. हे काम बॉक्सनेही करता येतं आणि टीव्हीनेही. कोण चांगलं करतो ते बॉक्सचं आउटपुट १०८०आय आणि १०८०पी असं आलटून पालटून बघायचं. माझ्या जोडीत टीव्ही सरस ठरला, म्हणून बॉक्स आता जसं येतं तसंच पुढे ढकलतो.

पट्टीची अक्षरं स्वच्छ आहेत पण ती कापऱ्या हाताने ओढल्यासारखी सरकतेय, असं असेल तर फ्रेम रेट तपासा. ५० चा कार्यक्रम ६० वर अडकवलेल्या बॉक्समधून आला की दर पाच चित्रांमागे एक दुप्पट दाखवावं लागतं, म्हणजे सेकंदाला दहा हिसके. स्ट्रीमिंग बॉक्समध्ये फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय असतो आणि बरेचदा तो बंद असतो. तो चालू केल्यावर सिनेमांतले संथ सरकणारे कॅमेरेही शांत झाले.

ओव्हरस्कॅन बंद करा. चित्राच्या कडा कापून उरलेलं ताणायची ही सवय ट्यूबच्या टीव्हीपासून राहिलीय, आणि ती चालू असेल तर १०८० ओळींतली एकही ओळ पडद्याच्या ओळीवर नीट बसत नाही. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा सावलीतलं सगळं बुडत असेल तर बॉक्स आणि टीव्हीची रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे) जुळत नाही, एकीकडे १६–२३५ आणि दुसरीकडे ०–२५५. दोन्हीकडे लिमिटेड (१६–२३५) ठेवा, व्हिडिओसाठी तेच योग्य.

फोरके स्रोत असेल तर साखळीतल्या प्रत्येक यंत्राला एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारी पद्धत) लागतं. माझ्या जुन्या ऑडिओ रिसीव्हरकडे ते नाही, म्हणून दोन्ही बॉक्स (डिशचा आणि स्ट्रीमिंगचा) थेट टीव्हीला आणि आवाज टीव्हीकडून एआरसीने (एचडीएमआयमधून आवाज उलटा पाठवायच्या सोयीने) रिसीव्हरला. अनकंप्रेस्ड मल्टिचॅनेल त्यातून जात नाही, पण प्रसारणात तो असतोच कुठे?

राहिलेली कामं

दुसऱ्या खोलीत पंधरा मीटरवर चित्र न्यायचंय. पर्याय दोन: कॅट-६ या नेटवर्क केबलवरून एचडीबेसटी (तशा केबलवरून चित्र-आवाज लांब नेण्याची पद्धत) किंवा ऑप्टिकल एचडीएमआय. ऑप्टिकलला दिशा असते, स्रोताचं टोक वेगळं आणि पडद्याचं वेगळं, आणि एकदा पाइपमधून ओढली की उलटी करणं म्हणजे सगळं पुन्हा; शिवाय मधलं काही बिघडलं तर अख्खी केबल बदला. कॅट-६ चं टोक मला स्वतःला बसवता येतं, त्यामुळे तिकडेच कल आहे. कोणी एचडीबेसटीचे रिसीव्हर बंद कपाटात ठेवले असतील तर ते किती तापतात ते कळवा, म्हणजे कपाटाला जाळी पाडायची की नाही ते ठरवतो.