तुम्ही विचारलंत म्हणून : कृष्णकमळावरच्या अळ्या

"ताई, वेलीवर काटेरी अळ्या पडल्यात, काय मारू?" पावसाळा लागला की हा प्रश्न येतोच. व्हॉट्सॲपवर, फोनवर, परवा तर बाजारात भाजी घेताना एकीने मोबाइल पुढे केला, त्यात कृष्णकमळाची चाळण झालेली पानं आणि त्यावर दाटीनं बसलेल्या तांबूस अळ्या. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. काही मारू नका.

ही टॉनी कोस्टर नावाच्या फुलपाखराची पिल्लं. मराठीत त्याला कृष्णकमलिनी म्हणतात. केशरी पंख, त्यावर काळे ठिपके, आणि उडणं इतकं संथ की लहान मूलसुद्धा पकडेल. पण पकडलं की ते अंगातून पिवळा कडू रस सोडतं, बोटाला लागतो, म्हणून पक्षी फारसे वाटेला जात नाहीत. मी स्वतः बुलबुलाला एक पकडून लगेच टाकून देताना बघितलंय, फुलपाखरू तिथेच गवतावर पडलं, थोडा वेळ निपचित आणि मग उठून उडालं पण.

अळ्यांचे काटे दिसतात भीतीदायक, पण सुरवंटासारखी खाज येत नाही. मादी पानाच्या खालच्या बाजूला पिवळी अंडी एकाला एक चिकटवत जाते, पोट वाकवून, अगदी सावकाश. मी एकदा चहाचा कप हातात घेऊन बघत उभी राहिले, चहा गार झाला तरी तिचं चाललेलंच. एका पानावर एवढी अंडी, म्हणून तर तुम्हाला वाटतं की एका रात्रीत कीड पडली.

आता मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. हे फुलपाखरू मूळचं आपलं, भारत आणि श्रीलंकेतलं. १९८० च्या दशकात ते थायलंडमध्ये दिसायला लागलं, मग मलेशिया, २००६ मध्ये सिंगापूर, इंडोनेशियाची बेटं, आणि २०१२ मध्ये थेट ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ. मधे समुद्र आहे हो! वाऱ्यावर स्वार होऊन गेलं असावं असं अभ्यासक म्हणतात. आपल्या कुंपणावर रमतगमत फिरणारं फुलपाखरू तीसेक वर्षांत एवढं लांब गेलं, हे कळलं तेव्हा मला दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

गेलं कसं, तर त्याला झाडी नको, उघडं रान हवं. जंगल तुटलं, रस्ते झाले, पडीक जमिनी वाढल्या, आणि तिथे रानकृष्णकमळ माजलं. तेच ते, जाळीत गुंडाळलेली छोटी फळं येतात आणि पान चुरगळलं की उग्र वास येतो ते, मूळ अमेरिकेतलं तण. ते जिथे पोचलं तिथे अळ्यांना ताट वाढलेलं. शिवाय आपल्याकडे बांधावर उगवणारं जांभळ्या फुलांचं रतनपुरुष, तेही त्यांचं खाणं, आणि ते ऑस्ट्रेलियातही आहे. म्हणजे पाहुणा गेला आणि तिथे घरचंच जेवण मिळालं.

म्हणून हे वाढलं याचा मला आनंद होतो तसं पोटात कालवतंही, कारण ज्या रानात हे वाढतं तिथे सावलीत राहणारी फुलपाखरं उरत नाहीत. आमच्या गावाकडच्या ओढ्याची झाडी गेली, आता तिथे नुसतं केशरी केशरी दिसतं, छान दिसतं, पण आधी तिथे जी दिसायची ती आता शोधून सापडत नाहीत. हा दोष या फुलपाखराचा नाही, झाडी आपण तोडली.

तर तुमच्या वेलीचं काय. माझी वेल चार वेळा तरी बोडकी झालीय आणि दर वेळी पुन्हा फुटलीय. तुमची अगदीच कोवळी असेल तर निम्म्या अळ्या पानासकट उचलून रस्त्याकडेच्या रानकृष्णकमळावर नेऊन सोडा, बाकीच्या राहू द्यात. फवारा मारलात तर त्याच वेलीवर येणाऱ्या मधमाश्याही जातील. आणि थोड्या दिवसांनी भिंतीवर, ग्रिलवर उलटा लटकलेला पांढरा कोष दिसेल, काळ्या रेघा आणि केशरी ठिपके असलेला. दिवाळीचं रंगकाम काढलं असेल तर तेवढा कोपरा आठवडाभर तसाच ठेवा.